नौकेचे गणित आणि पाण्याची साक्ष

बंगळूर हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, दोन्ही किनाऱ्यांपासून शेकडो किलोमीटर दूर वसलेले आहे. शिडाच्या नौकेचा अभिकल्प करू इच्छिणाऱ्या तरुणाने आपल्या अभ्यासासाठी ह्या शहराची निवड करावी, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु नौकेची चाल ठरते ती तिच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्यावरून आणि शिडावरून वाहणाऱ्या वाऱ्यावरून. आणि वाहत्या पदार्थांच्या अभ्यासात बंगळूरचे स्थान भारतात अग्रभागी आहे. भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये वैमानिकीचा विभाग निघाला. राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा १९६० मध्ये दिल्लीहून ह्याच शहरी आली. १९६७ मध्ये तेथे १.२ मीटर छेदाचे मोठे वातविवर सुरू झाले आणि १९८६ मध्ये, रोद्दम नरसिंह संचालक असताना, प्रवाहांची गणिते सोडविण्यासाठी अनेक गणकयंत्रे एकत्र जोडून बनविलेला 'फ्लोसॉल्व्हर' हा संगणक तेथील शास्त्रज्ञांनी उभा केला. विज्ञान संस्थेत सुरेश देशपांडे ह्यांनी वायूंच्या गतिज सिद्धांतावर आधारलेल्या गणनपद्धती विकसित केल्या. हे सारे विमानांसाठी झाले हे खरे. परंतु निसर्गाचे नियम विमानासाठी वेगळे आणि नौकेसाठी वेगळे नसतात.

द्रव आणि वायू ह्या दोहोंना मिळून शास्त्रात 'द्रायू' म्हणतात. द्रायूच्या गतीची समीकरणे नाव्हिए ह्यांनी १८२२ मध्ये आणि स्टोक्स ह्यांनी १८४५ मध्ये मांडली. ती इतकी बिकट आहेत की, नौकेसारख्या वक्र आकाराभोवतीच्या प्रवाहासाठी ती लेखणीने सोडविता येत नाहीत. म्हणून नौकेभोवतालचे पाणी व हवा ह्यांचे लाखो लहान कोष्ठांत विभाजन करावयाचे, प्रत्येक कोष्ठात किती द्रायू आला, किती गेला आणि त्याचा संवेग किती बदलला ह्याचा हिशेब मांडावयाचा, आणि तो संगणकाकडून पुनःपुन्हा करवून घ्यावयाचा, अशी युक्ती योजण्यात आली. हीच संगणकीय द्रायुगतिकी होय. शीड आणि नौकेच्या तळातून खोल उतरणारे जड पाते, म्हणजे कील, ही दोन्ही वस्तुतः उभे केलेले पंखच आहेत. त्यामुळे विमानाच्या पंखाचे गणित शिकलेल्या विद्यार्थ्याला निम्मी वाट ओळखीची असते. उरलेली निम्मी मात्र नवीन असते, कारण नौका दोन द्रायूंच्या सीमेवर चालते. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट जड आहे आणि त्या दोहोंमधील पृष्ठभाग स्वतः लाटांच्या रूपाने हलत असतो.

ह्या विद्येची आपल्याला गरज काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर गोव्यात मिळते. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर ह्यांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही १७ मीटर लांबीची शिडाची नौका बांधली गेली. तीतून दिलीप दोंदे ह्यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. पुढे त्याच नौकेतून अभिलाष टॉमी ह्यांनी २०१२-१३ मध्ये मुंबईहून निघून कोठेही न थांबता ती प्रदक्षिणा केली. कारागिरी आपली होती, साहसही आपले होते. नौकेचा आराखडा मात्र हॉलंडमधील अभिकल्पकांचा होता. त्यात कमीपणा काही नाही, कारण उत्तम ते जेथे असेल तेथून घ्यावे. परंतु ज्या किनाऱ्यावर इतके कुशल बांधणारे आहेत, तेथील आराखडेही येथेच तयार व्हावेत ही आकांक्षा रास्त आहे. आणि ज्या आराखड्यावर विसंबून माणूस दक्षिण महासागरात एकटा जातो, त्यातील चूक ही केवळ कागदावरची चूक राहत नाही.

म्हणूनच ही विद्या कोणत्या क्रमाने शिकावी हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आज गणनेची साधने सुलभ झाली आहेत. 'ओपनफोम' हा गणनसंच २००४ पासून सर्वांना विनामूल्य मिळतो आणि साध्या संगणकावरही चालतो. नौकेचा आकार भरावा, कळ दाबावी आणि काही तासांनी रंगीत चित्र पाहावे, इतके हे काम सोपे भासते. धोका नेमका येथे आहे. यंत्र कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देते. प्रश्न चुकीचा आहे असे ते क्वचितच सांगते. चुकीच्या उत्तराचे चित्रही खऱ्या उत्तराच्या चित्राइतकेच सुबक असते. तेव्हा विद्यार्थ्याने प्रथम कागद-पेन्सिल घ्यावी, नंतर ज्याचे उत्तर मोजून ठाऊक आहे असे उदाहरण सोडवावे, आणि नवी नौका सर्वांत शेवटी यंत्रावर चढवावी, हाच क्रम योग्य होय.

कागदावरचे गणित किती उपयोगी पडते, हे एका उदाहरणावरून दिसेल. एका नौकेची पाण्यातील लांबी १६ मीटर आहे असे समजू. खोल पाण्यावर १६ मीटर लांबीची लाट सेकंदाला सुमारे ५ मीटर वेगाने धावते. नौका ह्या वेगाला पोहोचली की तिने उठविलेली लाट तिच्याच लांबीची होते आणि पाण्याचा विरोध एकाएकी वाढू लागतो. संगणकाचे उत्तर ह्याहून फार निराळे आले, तर दोष कोठे आहे ते शोधावयास हवे, हे विद्यार्थ्याला आधीच कळते. आता हीच नौका सोळाव्या हिश्शाने लहान करून एक मीटरची प्रतिकृती केली, तर विल्यम फ्राउड ह्या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात शोधलेल्या नियमानुसार ती सेकंदाला सव्वा मीटर वेगाने ओढावी, म्हणजे लाटांचा आकृतिबंध तोच राहतो. परंतु घर्षण ज्या रेनल्ड्स अंकावर अवलंबून असते, तो वेग आणि लांबी ह्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात बदलतो. खऱ्या नौकेसाठी तो सुमारे ८ कोटी येतो, तर प्रतिकृतीसाठी सुमारे साडेबारा लाख, म्हणजे ६४ पट कमी. लाटा जुळविल्या की घर्षण जुळत नाही. लहान प्रतिकृतीचे निष्कर्ष मोठ्या नौकेला जसेच्या तसे लावता येत नाहीत, त्याचे कारण हेच.

ह्या विसंगतीची किंमत १९७४ मध्ये 'मरिनर' ह्या अमेरिकन नौकेने मोजली. तिच्या मागील भागाला पायऱ्यांसारखा नवा आकार दिला होता. टाकीतील लहान प्रतिकृतीने अनुकूल साक्ष दिली. समुद्रात नौका मंद ठरली आणि स्पर्धेच्या हंगामातच तिचा मागील भाग बदलावा लागला. याउलट १९८३ मध्ये 'ऑस्ट्रेलिया २' ह्या नौकेने पंख जोडलेल्या कीलच्या बळावर अमेरिका चषक जिंकला आणि १३२ वर्षांची अमेरिकन मक्तेदारी संपविली. त्या कीलचे श्रेय कोणाचे ह्याविषयी पुढे वाद झाला. परंतु ती घडत असता हॉलंडमधील वागेनिंगेन येथील टाकीत मोठ्या प्रतिकृतींवर चाचण्या झाल्या आणि त्याच देशातील वैमानिकी प्रयोगशाळेत तिची गणिते झाली, हे निर्विवाद आहे. विमानाचे गणित आणि पाण्याचे मोजमाप एकत्र आले, तेव्हा यश मिळाले.

ह्यावर असा आक्षेप घेतला जातो की, संगणकात नौका पूर्ण आकाराचीच घेता येते, मग प्रतिकृतीची अडचण उरतेच कोठे? आक्षेपात तथ्य आहे आणि संगणकीय पद्धतीचा मोठा गुणही तोच आहे. परंतु ८ कोटी रेनल्ड्स अंकाच्या प्रवाहातील प्रत्येक लहान भोवरा मोजणे व्यवहारात शक्य नसते. क्षुब्ध प्रवाहासाठी काही गृहीते धरावी लागतात, आणि ती गृहीते प्रयोगांवरूनच ठरविलेली असतात. शिवाय कोष्ठांची बाजू निम्मी केली की त्यांची संख्या आठपट होते; म्हणून विद्यार्थी घाईने स्थूल जाळ्यावरच थांबतो. जाळे सूक्ष्म केल्यावर उत्तर बदलते का, हे ज्याने पाहिले नाही, त्याच्या हाती उत्तर नव्हे, केवळ एक आकडा असतो.

पडताळ्यासाठी साधने हाताशी आहेत. डेल्फ्ट येथील विद्यापीठाने १९७० च्या दशकापासून शिडाच्या नौकांच्या अनेक आकारांचा पाण्यातील विरोध पद्धतशीर मोजून प्रसिद्ध केला आहे. त्यांपैकी एका आकाराचे गणित करून उत्तर ताडून पाहणे, हा विद्यार्थ्याचा पहिला धडा असावा. बंगळूरच्या परंपरेलाही हेच शोभते. सतीश धवन १९५१ मध्ये विज्ञान संस्थेत रुजू झाले, ते अमेरिकेत सपाट पृष्ठावरील हवेचे घर्षण प्रत्यक्ष मोजण्याचे काम करून. ज्या शहरातील ह्या विद्येचा पाया मोजमापाने घातला गेला, तेथे शिकणाऱ्याने केवळ चित्रावर समाधान मानू नये.

शाळांनाही ह्यात वाटा उचलता येईल. तीन-चार मीटर लांबीची पाण्याची पन्हळ, लाकडाची लहान नौका, दोरा, कप्पी आणि काही वजने एवढ्या साहित्यात प्रयोग होतो. दोऱ्याच्या टोकाला वजन टांगावे आणि नौकेचा वेग स्थिर झाला की दोन खुणांमधील वेळ मोजावा. चौपट वजनाने वेग सुमारे दुप्पट व्हावयास हवा. लाटा उठू लागल्या की तो तितका वाढत नाही. हा फरक ज्या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, तो उद्या संगणकापुढे बसल्यावर त्याला योग्य प्रश्न विचारील. आणि कोकण-गोव्याच्या कारागिरांना हवा असलेला आराखडा अशाच हातांतून उतरेल.