ताटातले नाव, ट्रंकेतले नाव

लग्नघरात ताटभर तांदूळ पसरतात आणि नवरदेव अंगठीने त्यावर बायकोचे नवे नाव लिहितो. माहेरची सुमन तेवढ्यात सासरची शांता होते. टाळ्या पडतात, तांदूळ पुन्हा डब्यात जातात. फौजीच्या घरी मात्र त्या नावाचा प्रवास तिथून पुढे सुरू होतो. सुट्टी संपवून तो युनिटमध्ये हजर होतो, लग्न झाल्याचे कळवतो, यथावकाश त्या नोंदीचा हुकूम, म्हणजे ‘पार्ट टू ऑर्डर’, निघते आणि कारकुनाने टाइप केलेले नाव रेकॉर्ड ऑफिसच्या कागदांत जाऊन बसते. चाळीस-पन्नास वर्षांनी फॅमिली पेन्शन कोणाच्या खात्यात जमा करायची, हे त्या कागदावरून ठरते. तोवर आधार कार्डावर सुमन परतलेली असते, बँकेच्या पासबुकावर ‘शांताबाई’, आणि फौजेच्या लेखी काना गळालेली ‘शंता’.

म्हणून राज्यातल्या माजी सैनिकांना, त्यांच्या पत्नींना आणि विशेषतः त्यांच्या मुला-सुनांना हे आवाहन आहे. येत्या रविवारी घरातली ती काळी ट्रंक उघडावी. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा हुकूम, म्हणजे पीपीओ, बाहेर काढावा. शेजारी दोघांचे आधार, पॅन आणि पासबुक ठेवून नावे, जन्मतारखा, मुलांच्या नोंदी अक्षर-अक्षर लावून पाहाव्यात. फौजी स्वतः हयात असताना, त्याची सही चालत असताना.

‘हयात असताना’ हा या आवाहनातला कळीचा शब्द. नवरा जिवंत असतो तेव्हा ‘ही माझी पत्नी, तिचे नाव चुकीचे नोंदले गेले आहे’ असा अर्ज तो आपल्या सहीने, आपल्या आर्मी नंबरासह करतो. तो गेल्यावर त्याच बाईला सुमन आणि शांता एकच आहेत हे सिद्ध करत फिरावे लागते. त्या वयात, त्या दुःखात, आणि बहुधा नवऱ्याची पेन्शन थांबून तिची सुरू झालेली नसते अशा दिवसांत. गावोगावच्या सैनिक मेळाव्यांत कानावर पडणारी रड हीच असते. रक्कम मंजूर होण्यासारखी असते, पण कागद जुळत नाहीत.

कागदाच्या चुका फक्त शिपाई-हवालदारांच्याच वाट्याला येतात असा समज असेल तर जनरल व्ही. के. सिंह यांचे प्रकरण आठवावे. शाळेच्या दाखल्यावर त्यांचे जन्मवर्ष १९५१, आणि १९६५ साली खडकवासल्याच्या एनडीएसाठी भरलेल्या अर्जावर १९५०. पुढे सैन्याच्या दोन शाखांनी दोन सालं जपून ठेवली. ॲडज्युटंट जनरलच्या शाखेत १० मे १९५१, मिलिटरी सेक्रेटरीच्या शाखेत १० मे १९५०. हा मनुष्य लष्करप्रमुख झाला तरी दोन्ही शाखांचे जमले नाही. अखेर देशाच्या विद्यमान लष्करप्रमुखाने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. १० फेब्रुवारी २०१२ रोजी न्यायालयाचा कल पाहून त्यांनी याचिका मागे घेतली, आणि ३१ मे २०१२ रोजी, १९५० हेच साल धरून, ते निवृत्त झाले. खरी जन्मतारीख कोणती यात न्यायालय शिरलेच नाही. सेवेत इतकी वर्षे जी तारीख मान्य होत आली ती मान्य करण्यात सरकारचे काही चुकले का, एवढाच प्रश्न त्याने पाहिला.

त्यातून घ्यायचे ते एवढेच की सैनिकाची स्वतःची जन्मतारीख निवृत्तीनंतर बदलून मिळेल, या आशेवर वकिलांची फी भरू नये. न्यायालये अशा उशिराच्या दाव्यांना दाद देत नाहीत. पत्नीचे नाव, पत्नीची जन्मतारीख, मुलांच्या नोंदी यांची गोष्ट निराळी आहे. त्या पुराव्यानिशी सुधारता येतात, आणि या आवाहनाचा सगळा रोख त्यांच्यावर आहे.

इंग्रजी स्पेलिंगचा घोळ तर जुनाच. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या सेनिओ नदीकाठी ९ एप्रिल १९४५ रोजी गाजवलेल्या पराक्रमाबद्दल मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इंग्रजी नोंदींत त्यांचे आडनाव आजही ‘एच’ गाळून लिहिलेले सापडते. साताऱ्याकडचा जाधव इंग्रजीत ‘व्ही’ने संपतो, विदर्भातला बऱ्याचदा ‘ओ’ने, आणि भोसल्यांची तर मोजदादच नको. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्याला एका अक्षराने काही बिघडले नाही. संगणकाला मात्र बिघडते. संरक्षण खात्याची पेन्शन आता टप्प्याटप्प्याने ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर आली आहे. पूर्वी बँकेतला ओळखीचा साहेब ‘अहो, या सुभेदारांच्या घरच्या’ म्हणून वेळ मारून नेई. स्पर्शवर तसा साहेब बसलेला नाही.

मग ती प्रसिद्ध १ जून. नाव घालायला आलेल्या पोराची जन्मतारीख बापाला आठवत नसे, शाळा जूनमध्ये उघडे, गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. महाराष्ट्रात एका विशिष्ट वयाच्या माणसांचा वाढदिवस म्हणूनच एकाच दिवशी येतो. शाळेत न गेलेल्या बायकांच्या वाट्याला ती १ जूनही आली नाही. जुन्या पीपीओवर पत्नीच्या जन्मतारखेची जागा रिकामी असते किंवा तिथे अंदाजपंचे साल असते. याने काय बिघडते? पैशांत बिघडते. वयाची ८० वर्षे पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला पेन्शन दुप्पट. फॅमिली पेन्शनलाही हाच हिशेब लागू आहे. बाई ८० वर्षांची झाली आहे हे कागदाला ठाऊकच नसेल तर वाढ अडून राहते. दिव्यांग मुलगा किंवा अविवाहित, विधवा अथवा घटस्फोटित मुलगी असेल, तर त्यांचे नाव नोंदीत असणे आणखी महत्त्वाचे, कारण नियमांत बसल्यास आईनंतर फॅमिली पेन्शन त्यांना मिळू शकते.

चूक सापडली तर आधी एक विचार करावा, नक्की कोणता कागद चुकला आहे? फौजेतली नोंद बरोबर असून आधार चुकले असेल तर आधार बदलणे सोपे. पण तेही सांभाळून, कारण आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. फौजेतली नोंदच चुकली असेल तर अर्ज जातो आपापल्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाईट इन्फंट्रीवाल्यांचे बेळगावला, बॉम्बे इंजिनिअर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, सिग्नल्सचे जबलपूरला. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाच्या दिल्लीत सुब्रतो पार्कला. तिथवर जाण्याची गरज सहसा पडत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, जुन्या लोकांच्या तोंडी ‘सैनिक बोर्ड’, अर्जाचा नमुना देते, कागद तपासते आणि पुढे पाठवते. एखाद्या अक्षराचा फरक असेल तर बहुधा प्रतिज्ञापत्र आणि ओळखीच्या पुराव्यांवर भागते. नावच निराळे असेल तर वृत्तपत्रातली जाहीर सूचनाही मागितली जाते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर मुंगीएवढ्या टाइपात छापलेल्या ‘माझ्या पत्नीचे नाव सेवा अभिलेखात...’ अशा चौकटी त्या याच.

अनेक जण इथवर येऊन थांबतात. रेकॉर्ड ऑफिसचे ‘नोंद दुरुस्त केली’ असे पत्र आले की पेढे वाटतात. काम तेव्हा अर्धेच झालेले असते. प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडून सुधारित पीपीओ निघेपर्यंत आणि स्पर्शवर नवे नाव दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. अर्जाची प्रत आणि पोस्टाची पावती जपावी. मूळ डिस्चार्ज बुक कोणाच्याही हाती देऊ नये. पाठवायची ती साक्षांकित झेरॉक्स. ‘मी करून देतो’ म्हणत ओटीपी मागणाऱ्यालाही दारातूनच परतवावे. सगळे करूनही अन्याय झालाच, तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे, पण ती शेवटची पायरी.

गावांनीही यात हात लावावा. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले आणि इंग्रजांनी त्यांचा स्मृतिस्तंभ उभारला. अशी फौजी गावे राज्यात पुष्कळ आहेत. तिथल्या ग्रामपंचायतींनी १५ ऑगस्टला माजी सैनिकांना नारळ-शाल द्यावीच, पण त्याच मंडपात एक टेबल, एक झेरॉक्स मशीन आणि इंग्रजी वाचणारी कॉलेजची दोन पोरे बसवावीत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी म्हातारे-म्हाताऱ्या बोटांचे ठसे द्यायला येतात, तेव्हाही हे टेबल मांडता येईल. तिथे येताना जोडीने यावे. पीपीओवर आपले नाव कसे लिहिले आहे हे अनेक बायकांनी आजवर पाहिलेलेच नाही; ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे आणि विचारावे, ‘आजी, हे तुमचंच ना?’