कुरवांची नांवनिशी

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही सहकुटुंब मुंबईहून मांडव्यास बोटीनें गेलों. धक्का सुटतो न सुटतो तोंच शेंदीडशें पांढरे पक्षी बोटीच्या मागें लागले. उतारू तळलेले पदार्थ हवेंत भिरकावीत होते आणि पक्षी ते वरचेवर झेलीत होते. (हा खाऊ त्यांच्या हिताचा नाहीं, असें आमच्या कुटुंबानें शेजारच्या गृहस्थांस स्पष्ट सांगितलें, मग तो त्यांनीं स्वतःच खाल्ला.) आमची अकरा वर्षांची नात पक्ष्यांचें सचित्र पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. तिनें नांव विचारतांच आम्हीं पुस्तकांतील चित्र पाहिलें आणि सांगितलें, कीं हा काळ्या डोक्याचा कुरव.

"पण आजोबा, ह्याचें डोकें तर पांढरें आहे!"

पस्तीस वर्षें फळ्यापुढें उभे राहिलेल्या मनुष्यास "ठाऊक नाहीं" हे दोन शब्द सहज उच्चारतां येत नाहींत. आम्ही म्हणालों, पुस्तक छापतांना चूक झाली असावी. पोरीनें विश्वास ठेविला आणि त्या नांवावर पेन्सिलीनें फुली मारली. ती फुली आम्हांस पुढें बरेच दिवस टोंचत राहिली.

चूक पुस्तकाची नव्हती. ह्या पक्ष्यांस विणीच्या दिवसांत डोक्यावर गडद टोपरें येतें. वीण आटोपली, कीं तीं पिसें झडून डोकें पांढरें होतें आणि कानामागें तीट लावल्यासारखा एक ठिपका तेवढा उरतो. आपल्या किनाऱ्यास ते येतात हिंवाळ्यांत, म्हणजे टोपरें उतरून. शिवाय असे कुरव येथें दोन जातींचे येतात. एक हा, युरोपांत व आशियाच्या उत्तरभागीं वीण करणारा. दुसरा तपकिरी डोक्याचा. तो अंमळ थोराड, फिकट डोळ्यांचा, पंखांच्या काळ्या टोंकांत पांढरे ठिपके असलेला, आणि त्याचें माहेर लडाख-तिबेटांतील उंच सरोवरांच्या कांठीं. गंमत अशी, कीं ऐन विणींत पाहिलें तरी काळ्या डोक्याच्या कुरवाचें डोकें काळें नसतेंच. तें चॉकलेटी असतें.

मग शास्त्रीय नांव काय म्हणतें तें आम्ही पाहूं लागलों, आणि तेथें आमच्यासारख्या संस्कृताच्या मास्तरास जणूं घरचीच मंडळी भेटली. स्वीडनच्या लिनीअसनें १७६६ सालीं ह्या पक्ष्यास 'लॅरस रिडिबुंडस' म्हटलें. लॅरस हा ग्रीकांतून लॅटिनांत आलेला एका खादाड समुद्रपक्ष्याचा वाचक शब्द. रिडिबुंडस म्हणजे हास्यशील. डोक्याचा उल्लेखच नाहीं! दुसऱ्याचें नामकरण मद्रासकडील सैन्यांतले शस्त्रवैद्य जर्डन ह्यांनीं १८४० मध्यें केलें: 'ब्रुनिसेफॅलस', म्हणजे तपकिरी आहे डोकें ज्याचें तो. आपण पिंगलशीर्ष म्हणूं, तसाच सरळ बहुव्रीहि. मात्र पूर्वपद लॅटिन आणि उत्तरपद ग्रीक, असा तो मिश्रविवाह आहे. खरोखर कृष्णशीर्ष अशा अर्थाचें 'मेलानोसेफॅलस' हें नांव भूमध्य व काळ्या समुद्रावरील एका तिसऱ्याच कुरवाकडे गेलें आहे. त्याचें डोकें खरेंच काळें असतें, आणि इंग्रजींत त्यास म्हणतात भूमध्य समुद्राचा कुरव!

हंसणारा कुरव एकटा नाहीं. कास्पियन समुद्राच्या आसपास वीण करणाऱ्या एका मोठ्या कुरवास पल्लासनें १८११ मध्यें 'काकिनान्स' हें नांव दिलें. त्याचा अर्थ खदखदां हंसणारा. आपल्या धातुपाठांत हंसणें ह्या अर्थीं 'कख्' धातु आहे; त्याची आणि ह्या लॅटिन क्रियापदाची तुलना भाषापंडितांनीं केलेलीच आहे. शेवटचा 'अन्स' म्हणजे आपला शतृ प्रत्यय: हसन्, हसन्तौ, हसन्तः. कुरव ह्या मराठी नांवांत तर संस्कृत वाचणारास 'कु-रव', वाईट आवाजाचा, असा समास उघड दिसतो. एकच ओरडणें, रोमच्या भाषेंत तें हास्य झालें आणि आमच्या कानांस कर्कश लागलें. रघुवंशाच्या चौदाव्या सर्गांत टाकलेल्या सीतेच्या आक्रोशास कुररीची उपमा आहे, तिचीही आम्हांस आठवण झाली. ती पक्षीण निराळी, परंतु पाण्यावरच्या पांखरांच्या ओरडण्यांत रडें ऐकणारे आपण, आणि हंसें ऐकणारे ते.

व्याकरण तर ह्या नांवांत पदोपदीं आहे. उत्तर ध्रुवाकडे बर्फांत राहणारा एक शुभ्र कुरव आहे. १७७४ सालीं त्याचें नांव पडलें 'लॅरस एबर्नेउस', म्हणजे हस्तिदंती. पुढें त्याचें गोत्र बदलून 'पागोफिला', म्हणजे हिमप्रिया, असें झालें. हा शब्द स्त्रीलिंगी. तेव्हां विशेषणासही मुकाट्यानें 'एबर्नेआ' व्हावें लागलें. शुभ्रः चें शुभ्रा! आमच्या बोटीमागचे दोघेही अलीकडे लॅरस राहिलेले नाहींत; २००५ नंतर त्यांस 'क्रोइकोसेफॅलस', म्हणजे रंगीत डोक्याचे, ह्या गोत्रांत घातलें आहे. झेमा सॅबिनी ह्या कुरवाचें गोत्रनाम तर निव्वळ बनविलेला, अर्थहीन शब्द आहे. आपले वैयाकरण असल्या नांवास यदृच्छाशब्द म्हणून डित्थ-डवित्थांच्या पंक्तीस बसवितात.

परंतु ज्या नांवानें आमचें मन खरें धरून ठेविलें तें अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कुरवाचें. इंग्रजींत तो 'हंसरा कुरव', आणि लिनीअसनें १७५८ मध्यें त्यास म्हटलें 'आट्रिसिला', काळ्या शेंपटीचा. मोठ्या पक्ष्याची शेंपटी पांढरी स्वच्छ असते! लिनीअसच्या मनांत 'आट्रिकापिला', म्हणजे काळ्या केसांचा, असें असावें आणि मधलीं अक्षरें गळालीं असावींत, असा कित्येकांचा तर्क आहे. तरीही नांव बदलत नाहीं. पहिलें ठेविलेलें नांव केवळ गैरलागू आहे एवढ्यावरून टाकतां येत नाहीं, असा प्राणिशास्त्रांतील नामकरणाचा नियमच आहे. अडीचशें वर्षांहून अधिक काळ जगांतील यच्चयावत् पंडित पांढऱ्या शेंपटीस काळी म्हणत आले आहेत. पुस्तकावर मारलेली फुली आणि हें नांव, दोन्हींची जात एकच, असें आमच्या मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

षष्ठी एकवचनाचीं नांवेंही पुष्कळ आहेत. वर आलेलें 'सॅबिनी' म्हणजे सॅबिनचा. १८१८ सालीं ग्रीनलंडांत एडवर्ड सॅबिननें मिळविलेल्या पक्ष्यास वडील भाऊ जोसेफ ह्यानें त्याचें नांव दिलें. तांबड्या समुद्रापासून मकराणच्या किनाऱ्यापर्यंत राहणारा एक धुरकट कुरव आहे, 'हेम्प्रिकिआय', म्हणजे हेम्प्रिचचा. हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ मित्र एरेनबर्ग ह्याच्यासह मिसर, सिनाई, अरबस्तान हिंडत हिंडत मसावा बंदरीं पोंचला आणि १८२५ च्या जूनमध्यें तेथेंच तापानें वारला. त्याची तिशीही उलटली नव्हती. पुढें अठ्ठावीस वर्षांनीं ब्रुख नांवाच्या दुसऱ्या जर्मनानें त्याच किनाऱ्यांच्या ह्या पक्ष्यास त्याचें नांव दिलें. व्यक्तींवरून पडलेलीं पक्ष्यांचीं इंग्रजी नांवें आपल्या अधिकारांतील प्रदेशापुरतीं बदलावयाचीं, असें अमेरिकेंतील पक्षिशास्त्रज्ञांच्या संस्थेनें २०२३ सालीं जाहीर केलें. त्यांतील कांहीं व्यक्तींचें चरित्र गुलामगिरीसारख्या गोष्टींनीं डागळलेलें आहे, हें एक कारण. कारण आम्हांस पटतें. तरी शास्त्रीय नांवांस त्यांतून हात लागत नाहीं आणि तांबडा समुद्र त्या प्रदेशांत येत नाहीं, हें वाचून आम्हांस बरें वाटलें.

फाल्गुनाच्या अखेरीस पुन्हा मांडव्यास जाण्याचा योग आला. बोट सुटण्यापूर्वींच आम्हीं नातीस सांगून टाकलें, कीं चूक पुस्तकाची नव्हे, आमची. थोड्या वेळानें चॉकलेटी टोपरें अर्धवट चढलेला एक कुरव कठड्याच्या अगदीं जवळून गेला. तिनें पुस्तक उघडलें, खोडरबरानें ती फुली पुसली आणि विचारलें, "आजोबा, तुम्ही शाळेंत शिकवीत होतां तेव्हां असें किती वेळां झालें?"

आम्हांस तीन मुलांचे चेहरे तत्काळ आठवले. त्यांचींच मुलें आतां कॉलेजांत असतील. तीन, असें आम्हीं सांगितलें, आणि तोंवर चौथा आठवला.