खाडीच्या अलीकडून

आपल्याकडे शोकसभेची भाषा ठरून गेलेली आहे. पोकळी निर्माण होते, ती कधीही भरून न निघणारी असते आणि मृतात्म्यास शांती लाभो असे म्हणून दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिल्यावर सभा संपते. या शब्दांमागचे दुःख खोटे असते असे आम्हांस म्हणावयाचे नाही. परंतु हे शब्द कोणालाही लागू पडतात आणि म्हणूनच ज्याच्यासाठी ते उच्चारले जातात त्याचे असे त्यांत काही उरत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या निधनानंतर आम्हांला हे फार जाणवले.

फादर २५ जुलै २०२४ रोजी वयाच्या ८१व्या वर्षी वसईत गेले. त्यांच्याविषयी जे लिहिले-बोलले गेले, त्यात एक ओळ पुन्हा पुन्हा येत राहिली: अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे पहिले ख्रिस्ती अध्यक्ष. ते खरेच आहे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या ९३व्या संमेलनासाठी त्यांची निवड झाली, तेव्हा काहींनी केवळ धर्माच्या कारणावरून विरोध केला. पाठीच्या दुखण्याने बेजार असूनही ते तेथे गेले आणि बोलले. मात्र 'पहिले ख्रिस्ती' हे विशेषण त्यांच्यापेक्षा आपल्याविषयीच अधिक सांगते. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालचे. पुण्यातील पहिले ग्रंथकार संमेलन १८७८ सालचे. एवढ्या काळानंतर आलेल्या योगाचे श्रेय आपण घ्यावे, की उशिराबद्दल थोडे ओशाळावे?

आचार्य अत्रे यांच्या 'समाधीवरील अश्रू' या संग्रहाची आठवण येथे अपरिहार्य आहे. अत्र्यांचे मृत्युलेख अतिशयोक्तीने भरलेले असतात. पण एकाचा लेख दुसऱ्यावर चिकटवता येत नाही. मृत्युलेखाची हीच कसोटी आम्ही मानतो. ती लावली तर फादरांचे काय आठवावे?

सुमारे पाव शतक त्यांनी सांभाळलेले 'सुवार्ता' हे मासिक आठवावे. धर्मप्रांताचे हे नियतकालिक त्यांच्या हाती मराठी वाचकांचेही झाले. 'सुबोध बायबल' आठवावे. जुन्या मिशनरी मराठीचा अवघडलेपणा मागे टाकून त्यांनी त्या ग्रंथाला वसईच्या आणि वसईबाहेरच्याही वाचकाला आपली वाटेल अशी भाषा दिली. आमच्यापैकी बहुतेकांनी फादरांना दुरूनच पाहिले. वाचले मात्र जवळून. त्यांच्या गद्यात प्रवचनकाराचा शांतपणा आहे, पण श्रोत्याला खाली बसवून आपण उंचावरून बोलण्याची सवय नाही.

आणि 'हरित वसई' आठवावी. नंदाखाल गावी जन्मलेल्या या धर्मगुरूला वाड्या, विहिरी आणि शेते वाचवण्याचे काम धर्माबाहेरचे वाटले नाही. त्यासाठी त्यांनी सर्व जातिधर्मांच्या माणसांना बरोबर घेतले. आम्ही मीरा-भाईंदरचे रहिवासी या कामाचे मोल जरा निराळ्या रीतीने जाणतो. भाईंदर सोडून लोकल पुलावर चढली, की पाणजू बेट ओलांडून नायगाव येते. अंतर काही मिनिटांचे. पण अलीकडच्या तीरावर मिठागरे आणि शेते मागे सरत गेली आणि २०११ च्या जनगणनेपर्यंत शहराची वस्ती ८ लाखांवर पोहोचली. आम्ही राहतो त्या इमारतीही त्याच जमिनीवर उभ्या आहेत, हे विसरून आम्हांला फादरांविषयी गहिवरून बोलता येणार नाही. पलीकडेही आज सारे हिरवे राहिलेले नाही. तरी जे राहिले, ते आपोआप राहिलेले नाही.

२०२५ साली उत्तनजवळच्या डोंगरी येथे मेट्रोच्या कारशेडसाठी १२ हजारांहून अधिक झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा गावकऱ्यांनी आणि शहरातील काही नागरिकांनी हरकती नोंदवल्या. मेट्रो आम्हांलाही हवी आहे. लोकलच्या गर्दीत रोज चेंगरणाऱ्यांना तिची गरज समजावून सांगावी लागत नाही. पण हरकत नोंदवणाऱ्याला विकासाचा वैरी ठरवण्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घेणे, एवढे तरी फादरांच्या वाचकाकडून अपेक्षित आहे. त्यांच्या नावाने सभा घ्यायची आणि हरकतीच्या कागदावर सही मागितली की वेळ नाही म्हणायचे, हे एकत्र बसत नाही.

शिक्षक वाचकांस एक सुचवावेसे वाटते. वर्गात मृत्युलेख हा वाङ्मयप्रकार शिकवताना विद्यार्थ्यांना आपल्या आळीतील, चाळीतील किंवा पाड्यावरील एका दिवंगत व्यक्तीविषयी लिहावयास सांगावे. अट एकच: दुसऱ्या कोणालाही लागू पडेल असे एकही वाक्य त्यात नको. मुले पहिल्या प्रयत्नात अडखळतील. मग ती घरी जाऊन आजीला, शेजाऱ्याला विचारतील, की ते गृहस्थ नेमके काय करीत असत. फादरांना श्रद्धांजली वाहायची तर आम्हांलाही आधी तेच विचारावे लागेल.