'प्युअर' कशाला?

नीरा नरसिंहपूर आमचं कुलदैवत. इंदापूरहून तिकडे जाताना पाट्या वाचायची मला खोड आहे.. आणि इंग्रजीत 'प्युअर व्हेज' दिसलं की हात शिवशिवतात. त्यातलं 'प्युअर' खोडून टाकावंसं वाटतं!

आधी भाषेचं बघू. ब्रिटिश बोलीत 'व्हेज' म्हणजे नुसत्या भाज्या. मग 'प्युअर व्हेज' म्हणजे निव्वळ भाजीपाला? पनीर, दही, तूप कुठे बसवायचं? बरं, पूर्ण 'व्हेजिटेरियन' लिहिलं तरी बाहेरचा माणूस 'प्युअर'चा अर्थ 'दूधसुद्धा नाही' असा घेऊ शकतो. त्यासाठी इंग्रजीत १९४४ पासून 'व्हीगन' हा वेगळा शब्द आहे. आपल्या लेबलिंग नियमांतही दूध शाकाहारी आणि अंडं मांसाहारी. पाकिटावर हिरवा ठिपका, विषय संपला. 'अतिशुद्ध' म्हणून जास्त गडद हिरवा ठिपका काही सरकारनं काढलेला नाही!

यावर आमच्या मावशीचं उत्तर तयार असतं : "अरे, तिथे मटण शिजत नाही, एवढाच त्याचा अर्थ."

मान्य, मावशी. माळकऱ्याला, उपवासवाल्याला हे कळायलाच हवं. पण मग तेवढंच लिहा ना.. 'ओन्ली व्हेजिटेरियन'. 'ओन्ली' स्वयंपाकघरात काय शिजतं ते सांगतं. 'प्युअर' मात्र खाणाऱ्यांची प्रतवारी लावायला बसतं. याच इंदापूर तालुक्यात भिगवणला उजनीच्या मासळीचा बाजार भरतो. ती धरणारे, विकणारे, खाणारे मग काय अशुद्ध?

शब्दांनी काय होतं, असं म्हणू नका. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोनं 'प्युअर व्हेज'साठी हिरव्या कपड्यांतली वेगळी माणसं नेमायचं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी ते हिरवे कपडे मागे घेतले. कारण? लाल शर्टवाला आला की 'हा मांसाहार घेऊन आला' म्हणून सोसायट्या त्याला अडवतील, ही भीती. म्हणजे डब्यावरचं विशेषण डबा आणणाऱ्याच्या अंगाला चिकटलं!

'शुद्ध शाकाहारी'चं शब्दशः इंग्रजी केलं की असं होतं. मुळात मराठीतही 'फक्त शाकाहारी' पुरे आहे.

तेव्हा हॉटेल काढायच्या विचारात असलेल्या भाचे-पुतण्यांनो, 'ओन्ली' लिहा. इंग्रजीत दोन्ही शब्दांना चारच अक्षरं, रंगाचा खर्च तेवढाच!