दिसलं, बाबा!

२१ डिसेंबर २०२० ची संध्याकाळ आमच्या घरात अजून कोणी विसरलेले नाही. करोनाने सगळ्यांना घरात बसवले होते आणि वर आकाशात गुरू आणि शनी इतके जवळ आले होते की नुसत्या डोळ्यांना एकच ठळक चांदणी वाटावी. दोघांमधले अंतर एका अंशाचा जेमतेम दहावा भाग. १६२३ सालानंतर हे दोघे एवढे जवळ प्रथमच येत होते. लेक तेव्हा चौथीत. तिला हे दाखवायचेच म्हणून मी एक दुर्बीण मागवली होती. खोक्यावर कड्यांसह शनीचा झकास रंगीत फोटो आणि मोठ्या अक्षरांत ‘५२५ पट’.

तीन बारीक पायांवर ती दुर्बीण उभी केली. संध्याकाळचा वारा सुटला होता. दहा मिनिटे खटपट करून ग्रह नळीत आणावा आणि डोळा लावताना नाक लागले की तो उडी मारून पसार. शेवटी एकदाचे जमल्यासारखे वाटले. लेकीला उभे केले.

"दिसलं का गं?"

"दिसलं, बाबा."

मागून आमच्या सौ.नीही डोळा लावला. त्याही म्हणाल्या, "दिसलं." मी खूश.

आठवड्याने लेकीच्या वहीत तिने काढलेले चित्र पाहिले. खोक्यावरचाच शनी होता, रंगासकट. मी विचारले, "हे असं दिसलं होतं?" ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काहीच दिसलं नव्हतं. तुम्ही एवढे पैसे घातलेत, म्हणून म्हटलं."

मी इतिहासाचा मास्तर. पुराव्याशिवाय बोलू नका, असे कॉलेजातल्या पोरांना वर्षानुवर्षे सांगत आलो. आणि माझ्याच घरात, माझ्याच हौसेपायी, नऊ वर्षांच्या पोरीला खोटी साक्ष द्यावी लागली. दुर्बीण माळ्यावर गेली. पुढची चार वर्षे मी दुसरी घेतली नाही, पण माहिती काढत राहिलो. वाचकहो, हौस तुमच्याही घरात असेल, म्हणून त्या चार वर्षांत कळलेले आज सांगतो.

पहिली गोष्ट. दुर्बिणीचे काम मोठे करून दाखवणे हे नव्हे, उजेड गोळा करणे हे आहे. आपल्याकडे मिरगाच्या पावसात, म्हणजे मिरगा मळीत, पागोळ्यांखाली भांडी लावतात. तांब्या लावला तर तांब्याभर, घंगाळ लावले तर घंगाळभर. आरसा म्हणजे उजेडाचे घंगाळ. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. आठ इंची, म्हणजे सुमारे २०० मिलिमीटरचा आरसा तिच्या आठशे पट उजेड घेतो. माझी पहिली दुर्बीण ७६ मिलिमीटरची होती. आठ इंची आरसा तिच्या सातपट उजेड घेतो. म्हणून विकत घेताना आधी आरशाचा व्यास विचारावा.

मग ते ५२५ पट कुठून आले? नळीचे केंद्रांतर ७०० मिलिमीटर. त्याला ४ मिलिमीटरच्या आयपीसने भागले की १७५. त्यावर तिप्पट करणारे एक स्वस्त भिंग लावले की झाले ५२५. हिशेब खोटा नाही, पण ते ताकात पाणी घालून हंडा भरण्यासारखे आहे. व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुपटीपलीकडे पटी वाढवून काही हाती लागत नाही. ७६ च्या दुर्बिणीला १५० म्हणजे फार झाले. त्यातून आपल्या डोक्यावरची हवा थरथरत असली तर तेवढेही नको. खोक्यावर पटींचा आकडा जितका मोठा, तितके त्या खोक्यापासून लांब राहावे.

दुसरी गोष्ट, आरशाइतकेच महत्त्वाचे आहेत पाय. आणि इथे आपल्या बेळगावशी दूरचे नाते सांगणारी एक हकीकत आहे. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये कोल्हापूरहून बेळगावला आले आणि रिसालदार गल्लीत भाटे वकिलांच्या घरी उतरले, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. पुढे १९०० साली त्यांनी अमेरिकेत सॅनफ्रान्सिस्कोला वेदांत सोसायटी स्थापन केली. त्याच सोसायटीच्या मठात १९४४ साली जॉन डॉब्सन नावाचा रसायनशास्त्राचा पदवीधर संन्यासी व्हायला आला. हे विश्व आहे तरी काय, हा त्याचा प्रश्न, आणि ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहावे हा त्याचा ध्यास. हातात पैसा नाही. जहाजाच्या खिडकीची जाड काच मिळवून तिचा आरसा घासायचा, नळी पुठ्ठ्याची आणि बैठक प्लायवुडची. रात्री ही दुर्बीण ढकलत रस्त्यावर न्यायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायचा. मठातली कामे सोडून हे चालते म्हणून १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्यांच्याभोवती फुटपाथवर आकाश दाखवणाऱ्यांची एक मंडळीच उभी राहिली. २०१४ साली, ९८ व्या वर्षी ते गेले. या कल्पनेचा त्यांनी कधी धंदा केला नाही. आज जगभर मोठी आणि स्वस्त दुर्बीण म्हणजे ‘डॉब्सोनियन’ असेच समीकरण आहे.

त्यांची युक्ती किल्ल्यावरच्या तोफेची आहे. तोफ जशी गाड्यावर वर-खाली आणि डावी-उजवी फिरते, तशी ही नळी लाकडी पेटीत बसते. यात दातेरी चाके नाहीत आणि बारीक पायही नाहीत. हाताने ढकलली की सरकते, सोडली की तिथेच थांबते. पैसा पायांत जात नाही, सगळा आरशात जातो. महागड्या स्टँडवरच्या लहान दुर्बिणीच्या पैशांत मोठ्या आरशाची डॉब्सोनियन येते. उणीव एकच. पृथ्वी फिरते तसा ग्रह नजरेतून सरकतो, तेव्हा मिनिटा-अर्ध्या मिनिटाने नळीला हलकेच ढकलावे लागते. फोटो काढण्याचा छंद असेल तर ही घेऊ नये. डोळ्यांनी पाहायचे असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही.

आता किती इंची? सहा, आठ की दहा? माझा जीव दहावर होता. दहा इंची म्हणजे साधारण तीस किलोचा कारभार, आठ इंची वीस किलोच्या आसपास. दोन्हींचे दोन भाग होतात, नळी वेगळी आणि पेटी वेगळी. आमच्या घरातून परड्यात, म्हणजे हित्तलात, उतरायला तीन पायऱ्या आहेत आणि माझी कंबर आता पंचविशीतली नाही. मी आकडे मांडत होतो तेव्हा सौ.नी एकच प्रश्न विचारला. "तुम्ही परीक्षेच्या ड्युटीवर गेलात तर आम्ही दोघींनी ती बाहेर काढायची कशी?" तिथेच निकाल लागला. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण म्हणतो. सौ.च्या माहेरी म्हणतात, हासिगे इद्दष्टु कालु चाचु. दोन्ही भाषांचा सल्ला तोच. घरातल्या सर्वांत कमी ताकदीच्या माणसाला उचलता येईल, तो तुमच्या घरचा सर्वांत मोठा आरसा. आम्ही आठ इंची घेतली. नव्या स्कूटरच्या साधारण निम्म्या किमतीत, थोडे मागेपुढे, काम झाले.

इतकेही नको असेल तर सहा इंची घ्यावी. ती हलकी असते, आरसे जुळवायला सोपी असते आणि लहानांची उंचीही पोचते. आणि हाताला काम हवे असेल तर आरसा घरी घासता येतो. दोन जाड काचा, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, शेवटी सेरियम ऑक्साईडने झिलई. धीर मात्र हवा. पुण्याच्या आयुकाने हौशी लोकांसाठी अशा कार्यशाळा घेतल्या आहेत. १९४४ साली स्थापन झालेली पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर आकाशाच्या वेडाचे जुने घरच आहे. आयुकाची जुन्नरजवळ गिरवलीला २००६ पासूनची मोठी दुर्बीण आहे, तिचा आरसा दोन मीटरचा. तत्त्व तेच, घंगाळ तेवढे मोठे.

घरी आणल्यावर थोडे सांभाळावे लागते. मिरजेचा तंबोरा कितीही चांगला असला तरी बसण्याआधी लावावा लागतो, तसे गाडीतून नेल्यावर दोन्ही आरसे एका रेषेत आणावे लागतात. तीन स्क्रू फिरवायचे असतात. पहिल्यांदा तास लागतो, पुढे पाच मिनिटे. दुर्बीण पाहण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवावी, म्हणजे आरसा हवेइतका गार होतो. गच्चीपेक्षा परडे बरे, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो आणि चित्र थरथरते. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे चार महिने दुर्बिणीला सुट्टी. त्या दिवसांत ओल धरून आरशावर आणि आयपीसवर बुरशी येते. कोरडी करून, सिलिका जेलच्या पुड्या घालून, झाकून ठेवावी. आरसा उगाच पुसू नये, धुळीपेक्षा फडक्यानेच जास्त ओरखडे पडतात. आणि सूर्याकडे ती कधीही, क्षणभरसुद्धा वळवू नये. डोळा जातो, तो परत येत नाही.

आणखी एक सांगितले नाही तर मीही त्या खोक्यासारखाच ठरेन. फोटोतले रंग दिसत नाहीत. तेजोमेघ करडे दिसतात, दीर्घिका म्हणजे धुराचा पुसट डाग. गल्लीत एलईडी दिव्यांच्या उजेडात चंद्र, ग्रह आणि जोडतारे छान दिसतात, पण पुसट वस्तूंना अंधारच हवा. खानापूर-जांबोटीकडे जावे किंवा गावाकडच्या शेतात जावे.

आम्ही शेतात गेलो. ३० डिसेंबर २०२४, सोमवार, येळ्ळ अमावस्या. निपाणीच्या पुढे सौ.च्या माहेरचे रान आहे. दुपारी भाकरी, भरले वांगे, शेंगदाण्याची होळिगे असा चरगा झाल्यावर सगळे परतायला निघतात, आम्ही थांबलो. नळी गाडीच्या मागच्या सीटवर आडवी करून आणली होती, पेटी डिकीत. लेकीने आणि तिच्या आईने ती उतरवली. मी कंदील धरला.

पश्चिमेला शुक्र झगमगत होता, त्याच्या वरच्या अंगाला शनी. आधी २५ मिलिमीटरचा आयपीस लावला, म्हणजे ४८ पट. मग १० चा, म्हणजे १२० पट. पहिला मान मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा. मोतीबिंदू काढलेला उजवा डोळा त्यांनी लावला. मी काही विचारले नाही. जरा वेळ ते बोललेच नाहीत. मग एकदम म्हणाले, "अय्यय्य, सूजि चुच्चिदंग ऐति!"

अगदी बरोबर. त्या दिवसांत शनीची कडी जवळजवळ काठावर आली होती. मार्च २०२५ मध्ये ती पूर्ण आडवी झाली, आणि आता २०३२ पर्यंत पुन्हा उघडत जाणार आहेत. त्या रात्री मण्यातून सुई आरपार घातल्यासारखा शनी दिसत होता. खोक्यावरच्या फोटोसारखा मुळीच नव्हता. मामांनी हे कुठे वाचले नव्हते, कोणी सांगितलेही नव्हते. त्यांनी जे पाहिले तेच सांगितले.

मग रोहिणीजवळचा गुरू पाहिला. त्याचे दोन पट्टे आणि चार चंद्र दिसले. कृत्तिका पाहिल्या. मृगातला तेजोमेघ वर आला तेव्हा मामांना नवल वाटले. मिरगा मळी म्हणून जन्मभर पेरण्या केल्या, पण तेव्हा सूर्यच मृगात असतो, म्हणून मृग दिसत नाही. तो थंडीत असा डोक्याकडे चढतो. दक्षिणेला अगस्ती होता. आपले गाव सोळाव्या अक्षांशाच्या आसपास असल्याचा हा फायदा. एप्रिल-मे मध्ये नरतुरंगातला मोठा तारकागुच्छ, ओमेगा सेंटॉरी, आपल्याला चांगला वर दिसतो. युरोपातल्या बहुतेकांना तो क्षितिजावरही येत नाही.

लेकीची पाळी आली तेव्हा ती नळी ढकलत बराच वेळ शनीमागे राहिली. मी सवयीने विचारलेच, "दिसलं का गं?"

"बाबा, शनीच्या बाजूला एक बारीक ठिपका आहे. तो काय?"

तो टायटन होता, शनीचा सर्वांत मोठा चंद्र. मी तिला काही सांगितलेला नव्हता, खोक्यावरही छापलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी वहीत चित्र आले. पेन्सिलीने काढलेला लहानसा मणी, त्यातून एक रेघ आणि बाजूला एक ठिपका. रंग नव्हते. खाली तारीख आणि वेळ घातलेली होती.

तर मंडळी, दुर्बीण घ्यायची असेल तर आधी कोणाच्या तरी दुर्बिणीला डोळा लावून पाहा आणि मगच पैसे मोजा. आणि घेतल्यावर घरच्यांना "दिसलं का?" असे विचारू नका. दिसले असेल तर ते आपणहून बोलतील.