साठीनंतरची बढती

आपल्याकडे शालेय आणि कुमार स्पर्धांत जन्मतारखेचे दाखले डोळ्यांत तेल घालून तपासावे लागतात. सोळा वर्षांचा मुलगा चौदा वर्षांखालील संघात घुसवला, हे आरोप काही नवे नाहीत. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सॉफ्टबॉल स्पर्धांतही ओळखपत्र पाहिले जाते, पण तेथे शंका उलटी असते. गडी खरोखरच साठीचा आहे ना? कुणी अठ्ठावन्न वर्षांचा ‘पोरगा’ तर संघात शिरला नाही ना? वय वाढवून सांगण्यात फायदा असावा, अशा जागा या जगात फार थोड्या.

सॉफ्टबॉल हा बेसबॉलचा धाकटा भाऊ. १८८७ मध्ये शिकागोतील फॅरागट बोट क्लबमध्ये तो जन्मला, तोही छपराखाली खेळायचा खेळ म्हणून. चेंडू बेसबॉलहून मोठा आणि तो खालून हात फिरवून टाकायचा. ज्येष्ठ मंडळी खेळतात तो त्याचा ‘स्लोपिच’ प्रकार. त्यात चेंडू कमान करून हळू येतो. गोलंदाजीचा दरारा कमी, फटक्याची मजा अधिक.

फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे १९३० मध्ये एक क्लब निघाला. त्यात प्रवेशाची अट काय, तर वय किमान ७५! हे बराच काळ कौतुकाचे प्रकरण राहिले. १९८० च्या दशकात मात्र त्याला व्यवस्थेचे रूप आले. १९८७ मध्ये सेंट लुईस येथे ज्येष्ठांचे पहिले राष्ट्रीय क्रीडासामने झाले आणि पुढच्याच वर्षी ज्येष्ठांच्या सॉफ्टबॉलसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभी राहिली. मुख्यतः पन्नाशीपासून पुढे दर पाच वर्षांना एक गट, असा हा जिना ऐंशीच्याही वर जातो.

या जिन्यातच सगळी गंमत आहे. साठीच्या गटातला ६४ वर्षांचा गडी संघातला सर्वांत थकलेला. पुढच्या वर्षी तोच पासष्टीच्या गटात गेला की सर्वांत तरणाबांड! नवा संघ त्याची वाटच पाहत असतो. एरवी वाढदिवस म्हणजे काहीतरी हातातून सुटल्याची नोंद. येथे ती बढतीची तारीख ठरते.

नियमही देहाचा विचार करून केले आहेत. पहिल्या तळावर दोन पाट ठेवतात, एक धावणाऱ्यासाठी आणि एक झेल घेणाऱ्यासाठी. अखेरच्या तळावरही धावणाऱ्याला वेगळा पाट, म्हणजे टक्कर नको. गुडघा कुरकुरत असेल तर फटका मारून तळ गाठावा आणि पुढे आपल्यासाठी दुसऱ्याला पळू द्यावे. एरवी स्लोपिचमध्ये मैदानात १० जण असतात, ज्येष्ठांत ११. सवलत आहे ती पायांना. हार-जीत मात्र पूर्वीइतकीच खरी.

हा उत्साह आकाशातून पडलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली पिढी तरुणपणी कारखान्यांच्या आणि चर्चच्या संघांतून हाच खेळ खेळली. २०११ पासून ती पासष्टी ओलांडू लागली. बायकांची गोष्ट थोडी निराळी. शिक्षणसंस्थांत मुलींशी भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा अमेरिकेत १९७२ मध्ये झाला. त्या वर्षी चौदा वर्षांची असलेली मुलगी २०२३ मध्ये पासष्टीची झाली. म्हातारपणीच्या खेळाची पेरणी अशी पन्नास वर्षे आधी करावी लागते.

सगळेच गोड आहे असे नाही. पोटरी भरते, स्नायू फाटतो. बॅटी इतक्या जोरकस झाल्या आहेत की चेंडू टाकणारे तोंडावर जाळी बांधतात. लास वेगासपर्यंत सामन्यांना जाणे-येणे, हॉटेल, साहित्य हा खर्च पेन्शनवर भागणाऱ्याला परवडत नाही. जन्मभर अंगमेहनत करून ज्याची पाठ मोडली, तो या मैदानात कमीच दिसणार.

तरीही हे लोक का खेळतात? निव्वळ तब्येतीसाठी म्हणावे, तर चालणे त्याहून स्वस्त आणि निर्धोक. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, सकाळचे फिरणे आहे, १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेला हास्यक्लब आता गावोगाव पोचला आहे. हे सारे चांगलेच आहे. पण त्यात कुणी हरत नाही, आणि आपण गेलो नाही म्हणून कुणाचे अडतही नाही. ‘आजोबा, राहू द्या, आम्ही करतो’ हे प्रेमाचेच वाक्य, पण ते दिवसातून दहा वेळा ऐकणाऱ्याला आपली गरज संपल्याचे कळत असते. ‘अहो, हातातला झेल सोडलात कसा?’ हे ऐकायला मात्र संघ लागतो. ज्याच्याकडून अपेक्षा असते, त्यालाच कुणी रागावते.

महाराष्ट्राला सॉफ्टबॉल अनोळखी नाही. शाळा-महाविद्यालयांतून मुले-मुली तो खेळतात. पण दहावी-बारावीचे वाढीव गुण पदरात पडले की अनेकांचा खेळ तेथेच संपतो. खेळ हे गुण मिळवण्याचे साधन ठरले, की त्याला चाळिशीत काय काम उरणार? २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे १० कोटींहून अधिक लोक होते. त्यांच्यासाठी मैदाने मागावीत, तर शहरांत मुलांनाच ती पुरत नाहीत, हेही खरे. पण सॉफ्टबॉलच हवा असे थोडेच आहे? कॅरम आहे, टेबल टेनिस आहे, रिंगटेनिस आहे. हवेत ते वयाचे गट, जरा सैल केलेले नियम आणि निकालाची रीतसर नोंद. आपण उद्यानांत ज्येष्ठांसाठी बाके पुष्कळ ठेवली. आता शेजारी एखादा गुणफलकही लावायला हवा.