बॉम्बरचा खोका उघडण्याआधी

जुन्या बॉम्बरचे किट घ्यायचे म्हटले की आपली नजर आधी खोक्यावरच्या चित्रावर जाते. मग स्केल, मग किंमत. हे नेमके कोणते विमान, कोणत्या साली ते कोणत्या पथकात होते, हा प्रश्न बहुधा डीकॅल लावायच्या वेळी पडतो. तोवर धडाचे दोन भाग चिकटलेले असतात आणि कॅनोपी चुकीच्या प्रकारची असली तरी काही करता येत नाही. या अंकात बॉम्बरच्या किटवर लिहिताना आमचा आग्रह एकच आहे. आधी एक विशिष्ट विमान ठरवा, त्याचा क्रमांक आणि साल ठरवा आणि मगच दुकानदाराला फोन करा. ते विमान आपल्या आकाशात उडालेले असावे, असेही आम्हाला मनापासून वाटते.

आपल्याकडे त्यासाठी सामग्री भरपूर आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर कानपूरला बी-२४ लिबरेटर विमाने मोडतोड करून टाकून दिली होती. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने त्यांतली चाळीसएक विमाने पुन्हा उडती केली. हिंदुस्थान एअरक्राफ्टचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. २ नोव्हेंबर १९४८ रोजी भारतीय हवाई दलाचे ५ क्रमांकाचे पथक या लिबरेटरवर उभे राहिले. पुढे पुण्याच्या लोहगाव तळावरून ६ क्रमांकाच्या पथकाने हीच विमाने सागरी टेहळणीसाठी १९६८ पर्यंत वापरली. युद्धानंतर इतरत्र बहुतेक लिबरेटर भंगारात गेले. म्हणून आज जगातल्या संग्रहालयांत शाबूत उभ्या असलेल्या लिबरेटरांपैकी बरेचसे भारतीय हवाई दलातून गेलेले आहेत. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधले विमान भारताने १९७४ मध्ये दिले. अमेरिकेच्या कॉलिंग्ज फाउंडेशनने १९८९ मध्ये पुन्हा उडवलेले विमानही आपल्याकडचेच. एचई ९२४ क्रमांकाचे एक दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे.

मॉडेल करणाऱ्याला याचा मोठा फायदा आहे. लिबरेटरच्या इंजिनांची, चाकांच्या खोबणीची, शेपटीच्या टरेटची जवळून काढलेली जी छायाचित्रे सगळीकडे मिळतात, त्यांतली अनेक याच विमानांची आहेत. मात्र इथेच फसगतही होते. परदेशात गेल्यावर यांतल्या बऱ्याच विमानांना परदेशी रंग चढले, काढलेले टरेट पुन्हा बसवले गेले. आजचा रंग आणि आजचे टरेट लोहगावच्या विमानाचा पुरावा म्हणून धरता येत नाहीत. खोबणीतल्या नळ्या आजच्या छायाचित्रातून घ्या. बाहेरचे रूप मात्र त्या काळच्या कृष्णधवल छायाचित्रातूनच घ्या. पोटाखाली गोल टरेट आहे, रडारचा घुमट आहे की नुसताच पत्रा आहे, हे त्या छायाचित्रात दिसल्याशिवाय किट मागवू नये.

साल पाहिले नाही की काय होते, याचे उदाहरण आपल्याच भागात आहे. मराठवाड्यातले वसमत त्या काळी निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होते. त्या राज्याविरुद्ध भारताने सप्टेंबर १९४८ मध्ये केलेल्या पोलो कारवाईचा देखावा करावा असे मराठवाड्यातल्या मॉडेलकाराला वाटणे स्वाभाविक आहे आणि त्या देखाव्यात चार इंजिनांचा लिबरेटर ठेवण्याचा मोहही होतो. पण कारवाई १३ ते १७ सप्टेंबरला झाली आणि लिबरेटरचे पहिले पथक नोव्हेंबरात उभे राहिले. त्या आठवड्यात हल्ले केले ते एक इंजिनाच्या टेंपेस्ट विमानांनी. ज्याला पोलो करायचे आहे त्याने टेंपेस्टच घ्यावे.

कॅनबेराच्या बाबतीत प्रकाराची चूक अधिक होते, कारण खोक्यावर सगळीकडे 'कॅनबेरा' असेच मोठे लिहिलेले असते. भारताने १९५७ मध्ये मागवलेल्या विमानांत ५४ बॉम्बर, ८ टेहळणीची आणि ६ प्रशिक्षणाची होती. बॉम्बर होते बी(आय)५८, म्हणजे ब्रिटिश बी(आय)८ चे भारतीय रूप. त्याची वैमानिकाची कॅनोपी लढाऊ विमानासारखी आणि डावीकडे सरकलेली असते, मार्गदर्शक नाकात बसतो आणि पोटाखाली चार तोफांचा खोका लावता येतो. १९६१ मध्ये काँगोला गेलेली ५ क्रमांकाच्या पथकाची सहा विमाने, २१ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानातल्या बदीनच्या रडार केंद्रावर हल्ल्याला गेलेली १६ क्रमांकाच्या पथकाची विमाने किंवा लोहगावच्या ३५ क्रमांकाच्या पथकाचे विमान करायचे असेल तर बी(आय)८ चे किट हवे. एअरफिक्सचे ते १/७२ आणि १/४८ या दोन्ही स्केलमध्ये निघाले आहे.

पण ज्यांना जगमोहन नाथ यांचे विमान करायचे आहे, त्यांनी ते घेऊ नये. नाथ १०६ क्रमांकाच्या पथकात होते, तिबेट आणि अक्साई चीनवरून त्यांनी टेहळणी केली आणि महावीरचक्र त्यांना दोनदा मिळाले. त्यांचे विमान पीआर ५७, म्हणजे पीआर ७ च्या घराण्यातले. त्याची कॅनोपी मधोमध आणि बुडबुड्यासारखी गोल. बाजारात 'टेहळणीचा कॅनबेरा' म्हणून सहज मिळते ते पीआर ९. त्याचे पंख वेगळे, कॅनोपीही डावीकडची, आणि ते भारताने कधी घेतलेच नाही. नाथ यांच्या नावाने पीआर ९ वर भारतीय चक्र चिकटवणे आम्हाला पटत नाही.

पहिलाच बॉम्बर करणाऱ्याला आमचा सल्ला १/७२ मधल्या कॅनबेराचा आहे. पंखांची रुंदी २७ सेंटिमीटर, लांबीही तेवढीच, म्हणजे साध्या कपाटात मावते. लिबरेटर त्याच स्केलमध्ये साडेशेहेचाळीस सेंटिमीटर होतो, १/४८ मध्ये सत्तर आणि १/३२ मध्ये एक मीटरहून जास्त. १/३२ चा लिबरेटर घरात ठेवायला जागा असेल, पण तो रंगवायला, फिरवायला आणि झाकून ठेवायलाही तेवढीच जागा लागते, हे खरेदीच्या वेळी कुणी धरत नाही. शिवाय लिबरेटर नाकाच्या चाकावर उभा राहतो. आत शिसे भरले नाही तर तो शेपटीवर बसतो. नाक काचेचे असल्याने तिथे वजन लपत नाही. ते कॉकपिटच्या मागच्या कोनाड्यात आणि इंजिनांच्या पुढच्या पोकळीत विभागून भरावे लागते, आणि तेही धड बंद करण्याआधी.

लोहगावच्या लिबरेटरचा उघड्या पत्र्याचा चंदेरी रंग ही आणखी एक कसोटी. सांध्यावरचा सॅंडपेपरचा प्रत्येक ओरखडा त्याखाली दिसतो. कॅनबेराचा छद्मरंग त्या मानाने बऱ्याच चुका पोटात घालतो. धातूचा रंग द्यायचा तर आधी चकचकीत काळा थर लागतो आणि त्यावर धूळ बसलेली चालत नाही. वसमत, हिंगोली, नांदेड पट्ट्यातल्या वाचकांनी हे काम नोव्हेंबर ते जानेवारीत उरकावे. नंतर हळदीची काढणी, शिजवणी आणि पॉलिश सुरू होते आणि गावात पिवळी धूळ उडते. मेमध्ये एअरब्रशमधून निघालेला रंग पृष्ठभागावर पोचण्याआधीच सुकतो आणि खरखरीत बसतो. पावसाळ्यात लॅकरवर पांढरट झाक येते.

व्हेंजन्स या डुबकी मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानाची मात्र आपण विनाकारण उपेक्षा केली आहे. १९४४ मध्ये इंफाळ-कोहिमाच्या लढाईत ७ क्रमांकाच्या आणि आराकानात ८ क्रमांकाच्या भारतीय पथकाने ते वापरले. १९७१ च्या युद्धात हवाई दलप्रमुख असलेले प्रतापचंद्र लाल हे ७ क्रमांकाच्या पथकातलेच. उभी डुबकी सरळ यावी म्हणून त्याचा पंख धडाला शून्य अंशात बसवलेला होता. त्यामुळे सरळ उडताना त्याचे नाक वर उचललेले दिसे. पुढच्या चौथ्या आवृत्तीत हा कोन बदलला. भारतीय पथकांसाठी आधीच्या आवृत्तीचेच किट घ्यावे. फ्रॉगचा जुना साचा जुन्या मालात अजून सापडतो, स्पेशल हॉबीचा अधिक तपशीलवार आहे. १/७२ मध्ये पंख जेमतेम वीस सेंटिमीटर. युद्धकाळातल्या त्याच्या चक्रात लाल रंग नाही, कारण जपानी खुणेशी गफलत होऊ नये म्हणून तो काढला होता. फ्रॉगच्या खोक्यातली डीकॅल पिवळी पडलेली असतील तर ती पारदर्शक पिशवीत घालून काही दिवस खिडकीच्या काचेला चिकटवा. ऊन त्यांचा पिवळेपणा उतरवते.

१९५० नंतरच्या विमानांचे तिरंगी चक्र डीकॅलशिवायही करता येते. बाहेर केशरी, मध्ये पांढरे, आत हिरवे. वर्तुळ कापायच्या कटरने तीन मास्क कापले की झाले.

आता एक विनंती. लोहगावला तंत्रज्ञ, शस्त्रसज्जा कर्मचारी किंवा वाहनचालक म्हणून नोकरी केलेल्यांची घरे परभणी, नांदेड, हिंगोलीतही असतील. त्यांच्या अल्बममध्ये विमानापुढे उभ्या माणसाचे जे छायाचित्र असते, त्यात मागे शेपटीवरचा क्रमांक, पोटाखालचा घुमट, चाकाजवळचा डाग असे बरेच काही दिसते. घरच्यांची परवानगी घेऊन अशा छायाचित्राच्या दोन्ही बाजू स्कॅन करून आम्हाला पाठवा. मागच्या बाजूला लिहिलेले साल आणि ठिकाण आम्हाला समोरच्या विमानाइतकेच हवे आहे.